शेखरचा ठेंगणा अजगर

मंगळवारी दुपारी पावणेचार वाजता कॉलेजच्या ग्रंथालयात फोन वाजला. मी घेतला. रीडिंगहून मकरंद बोलत होता. शेखर सकाळी ऑफिसात कोसळला आणि वारला, असं त्याने सांगितलं. मी फोन ठेवला, देवघेवीचं रजिस्टर मिटलं आणि घरी गेले.

शेखर माझा भाऊ. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सहावीत होता आणि मी सांगलीच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून नुकतीच लागले होते. त्याचे डबे मी भरले, त्याच्या वह्यांना कव्हरं मी घातली, पुण्याला इंजिनिअरिंगला सोडायलाही मीच गेले. पुढे तो इंग्लंडला गेला. सहा वर्षं "ताई, एकदा ये" म्हणत राहिला. गेले ते असं. २००६ सालच्या मार्चमध्ये, व्हिसाच्या अर्जात भेटीचं कारण लिहायच्या चौकोनात काय लिहावं ते न कळून मी बराच वेळ पेन हातात धरून बसले होते.

रीडिंग

आमच्याकडे माणूस गेला की दिवस मावळायच्या आत सगळं आटपायची घाई असते. इथे घाई कुणालाच नव्हती. अचानक मृत्यू म्हणून आधी सरकारी चौकशी, मग कागद, मग दहनाची तारीख. मी पोचले तेव्हा सोळा दिवस उलटले होते आणि शेखर अजून एका थंड खोलीत होता. दुसऱ्या दिवशी दहनगृहात आम्हाला अर्ध्या तासाची वेळ मिळाली होती. आमच्या आधीचे लोक एका दाराने बाहेर पडत होते, आम्ही दुसऱ्या दाराने आत गेलो. पडदा सरकला आणि संपलं. जाळ दिसला नाही, धूर दिसला नाही. मी हातातली तुळस तशीच घेऊन बाहेर आले.

बाहेर एका हॉलमध्ये चहा आणि काकडीची सँडविचेस मांडली होती. सांगलीत ज्या घरी मृत्यू होतो त्या घरात स्वयंपाक होत नाही, शेजारपाजारचे पिठलंभात आणून देतात. इथे आलेल्यांना खाऊ घालायचं काम घरच्यांचं. मी घरची होते, म्हणून ताट घेऊन लोकांमध्ये फिरले. शेखरच्या ऑफिसातली एक इंग्रज बाई सँडविच उचलता उचलता म्हणाली, "तुम्हीच ना त्या बहीण? तो म्हणायचा, माझ्या बहिणीला माहीत नाही असं काही नाही." मी थँक्यू म्हटलं.

माझा मुक्काम मकरंद आणि पल्लवीकडे होता. मकरंद शेखरचा पुण्यापासूनचा मित्र. पल्लवीला आठवा महिना लागला होता आणि तिच्या बाळंतपणासाठी मकरंदची आई, वत्सलाकाकू, नागपूरहून आल्या होत्या. घर लहान, दोन खोल्या वर आणि एक अगदी चिमुकली, जिला तिथे बॉक्सरूम म्हणतात.

दहनाहून परतताना गाडीत मकरंद म्हणाला, "ताई, एक सांगायचं राहिलंय. रागावू नका. ठमी आमच्याकडे आहे. बॉक्सरूममध्ये."

"ठमी कोण?"

तो म्हणाला, "शेखरचा अजगर."

नाव मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

इथे मागचं सांगायला हवं. आदल्या वर्षी शेखरने ईमेलने एक फोटो पाठवला होता. त्याच्या हातावर तपकिरी, पिवळी, जाळीची नक्षी असलेला साप. खाली लिहिलं होतं, "ताई, घाबरू नकोस. हा जाळीदार अजगर आहे, पण ठेंगण्या जातीचा. मोठा होत नाही." मी आमच्या ग्रंथालयातले तीन कोश काढले. तिन्हींमध्ये जाळीदार अजगर हा जगातला सर्वांत लांब साप, वीस फुटांच्याही पुढे जाणारा, असं होतं. ठेंगण्या जातीचा उल्लेख एकाही कोशात नव्हता. मी त्याला चार ओळी लिहिल्या: "तिन्ही कोश पाहिले. अशी जात नाही. तुला फसवलं आहे. तो साप घरात असेपर्यंत मी तिकडे येणार नाही." त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं: "बरं." दिवाळीत फोन झाला तेव्हा आम्ही हवेबद्दल बोललो. तो आमचा शेवटचा फोन.

म्हणजे आमच्यातलं शेवटचं बोलणं असं नव्हतंच. शेवटचा होता तो एक वाद, आणि तो अर्धवट राहिला होता.

पहिले दोन दिवस मी त्या खोलीत गेले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंची हाक आली.

"अहो सुधाताई, इकडे या बाप्पा लवकर! त्याचे डोळे पाहा!"

काकू बॉक्सरूमच्या दारात उभ्या होत्या. आत भिंतीएवढी काचेची पेटी, तिच्यात मंद दिवा आणि एका पाटावर पाटीएवढं वेटोळं. मी पहिल्यांदाच पाहत होते. डोकं वेटोळ्यावर टेकलेलं होतं आणि दोन्ही डोळ्यांवर दुधाळ निळसर पडदा आला होता. फोटोतली नक्षीही आता धुरकट दिसत होती.

"आंधळा झाला," काकू म्हणाल्या. "मी म्हणतच होते. दोन जिवांची बाई घरात, तिची सावली पडली सापावर. आमच्याकडे लेकराला विचारा, तेही सांगेल. गरोदर बाईची सावली पडली की सापाला दिसत नाही."

खालून पल्लवी ओरडली, "आई, मी त्या खोलीत पाऊलसुद्धा ठेवलेलं नाहीये!"

"दारावरून तर जाऊन राहिली ना रोज? सावली काय विचारून पडते?"

"अगं आई," मकरंद दात घासत बाहेर आला, "इथे उन्हाचाच पत्ता नाही, सावली कुठून आणू?"

काकू हसल्या नाहीत. पल्लवी जिना चढून आली आणि दाराच्या दोन हात अलीकडे थांबली. थट्टा करणारी मुलगी, पण चेहरा उतरला होता. "ताई, तुम्ही इतकं वाचता. असं काही नसतं ना? आणि झालंच तर उलटं, म्हणजे बाळाला वगैरे..."

"नसतं," मी म्हणाले. पण समोर डोळे पांढरे दिसत होते, आणि ते का, हे मला सांगता येत नव्हतं.

मकरंदची मामेबहीण मीरा नॉटिंगहॅमला प्राण्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. तिचे वडील तिकडे फार वर्षांपूर्वी स्थायिक झाले, ती तिथेच जन्मली. मकरंदने तिला फोन लावून स्पीकरवर ठेवला. सगळं ऐकून ती खळखळून हसली.

"ब्लाइंड नाही रे दादा! ती स्किन काढणार आहे. कात. त्याच्या आधी डोळ्यावरचा पण स्किन सुटते, म्हणून असा मिल्की दिसतो. एक वीकमध्ये क्लिअर होईल. आत्याला सांग, पल्लवीवहिनीचा काही फॉल्ट नाही."

"डोळ्यावरची कातडी?" काकूंनी कपाळाला हात लावला. "काय जनावर आहे बाप्पा."

मकरंदने मग मुद्द्याचं विचारलं. बाळ यायला सात आठवडे राहिले होते, ती खोली लागणार होती, आणि शेखरचा साप रस्त्यावर तर सोडता येत नव्हता.

"ड्वार्फ असेल तर मी घेते," मीरा म्हणाली. "खरंच, मला आवडेल. पण माझा फ्लॅट बघितलास ना? एक बेडरूम. फुल साइझ रेटिक पायथन मी नाही ठेवू शकत. तो एकट्याने उचलायचा पण नसतो, डेंजरस आहे. आणि सँक्च्युअरी सगळे फुल. लोक छोटी घेतात, मोठी झाली की आमच्या दारात बॉक्स ठेवून जातात."

"आणि ड्वार्फ नसेल तर?"

"तर घर नाही मिळणार, दादा. मग पुट टु स्लीप करतात. मी स्वतः केलंय. मला परत नाही करायचा."

फोन संपल्यावर मी खाली येऊन चहा केला. काकूंनी विचारलं, "काय म्हणत होती शेवटी?" मी सांगितलं. त्या कप बाजूला ठेवत म्हणाल्या, "शेखरने पाळलं होतं ना. मारू नका."

पुढचे आठ दिवस शेखरचा फ्लॅट रिकामा करण्यात गेले. रोज सकाळी कॅनॉलच्या काठाने चालत जायची. तिथले लोक समोरून आले की हवेबद्दल एक वाक्य बोलतात आणि पुढे जातात. मीही शिकले. "कोल्ड टुडे," म्हणायचं, ते "इट इज" म्हणतात. इतक्या दिवसांत मी परक्या माणसांशी बोलले ते एवढंच, आणि ते मला पुरेसं होतं.

फ्लॅटमध्ये त्याचे शर्ट, कुकर, न वापरलेलं पुरणयंत्र. फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात मटारच्या पिशवीशेजारी दुसरी पिशवी होती, तिच्यात गोठवलेले उंदीर, एकेक वेगळा गुंडाळलेला. शेजारी एक वही. तिच्यात तारीख आणि त्यापुढे ठमीने खाल्लं की नाही. दर दहा दिवसांनी एक नोंद. कुठे कुठे कंसात: "अजून भूक आहे असं वाटतं. आणखी एक दिला." पोळी झाली की "अजून एक?" असं मी त्याला विचारायची, आणि तो नको म्हणाला तरी वाढायची.

त्याच वहीत मागच्या पानावर विकणाऱ्याचा पत्ता होता. नॉटिंगहॅमजवळचं एक गाव. नाव, कॉलिन.

ठमीचे डोळे मीराने सांगितल्याप्रमाणे निवळले आणि नंतरच्या शनिवारी सकाळी पेटीत कात पडलेली होती. मकरंदने पेटी उघडली, मी ती उचलली. हलकी, ओलसर, टोकाला डोळ्यांच्या दोन काचा. दिवाणखान्यात जमिनीवर पसरून पल्लवीच्या शिवणाच्या टेपने मोजली. आठ फूट नऊ इंच.

शेखरच्या जुन्या ईमेलमध्ये होतं, साडेसहा फूट, आता फारशी वाढणार नाही. नंतरच्या काही महिन्यांत सव्वादोन फूट वाढ. हा ठेंगणा साप नव्हता.

तेव्हा काय वाटलं ते लिहायला हवं, नाहीतर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. बरोबर ठरल्याचं समाधान आधी वाटलं. अगदी क्षणभर, ग्रंथालयात कुणी चुकीचा संदर्भ दिला आणि मी पुस्तक काढून दाखवलं की वाटतं तसं. मग दिवाणखान्यात पसरलेली ती कात दिसली, आणि आता ठमीला मारतील हे लक्षात आलं.

"ताई," मकरंद म्हणाला, "मीराला अजून काही सांगायचं नाही. आधी त्या कॉलिनला विचारू. त्याने काय विकलं ते त्यालाच माहीत."

नॉटिंगहॅम

सापाला गाडीने न्यायचं म्हणजे पांघरुणाच्या खोळीत घालून तोंड बांधायचं, खोळ प्लास्टिकच्या डब्यात ठेवायची आणि गाडी गरम ठेवायची. मकरंदने हीटर पूर्ण सोडला. बाहेर गारांसारखं काहीतरी पडत होतं, बायका-पुरुष मफलर गुंडाळून चालले होते, आणि आम्ही दोघं घामाने निथळत होतो. पल्लवीने डब्यात दिलेला दहीभात पहिल्या तासातच आंबला.

"शेखर असता तर त्याने एसी लावला असता आणि ठमीला स्वेटर घातला असता," मकरंद म्हणाला.

कॉलिनचं घर लाल विटांच्या रांगेतलं, शेजारच्या घरांसारखंच. दार उघडलं ते साठीच्या, जाड चष्म्याच्या माणसाने. अंगात विणलेलं स्वेटर, पायात सपाता. मला म्हणाला, "कम इन, डक." मी मकरंदकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "इथे बायकांना असंच म्हणतात, ताई. प्रेमाने." सांगलीत भाजीवाला मावशी म्हणतो, तसंच असावं.

मागच्या खोलीत उन्हाळा होता. भिंतभर कपाटं, प्रत्येक खणात एक साप, ग्रंथालयातल्या पुस्तकसूचीच्या खणांसारखे, प्रत्येकावर चिठ्ठी. मला ती व्यवस्था पाहून बरं वाटलं, हेही खरं. मी शेखरचं नाव सांगितलं आणि तो वारल्याचं सांगितलं. कॉलिनने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"दोनदा आला होता," तो म्हणाला. "विकत घेतल्यानंतर."

मी पिशवीतून कात काढली आणि आठ फूट नऊ इंच सांगितलं. त्याने हातात घेतली, दोन्ही टोकांना हलकेच ओढली आणि हसला.

"हे कातडं मोजलंत? अहो, हे निघताना ताणलं जातं. ओलं असतं, पायमोजा काढताना वाढतो तसं. कातडं मोजून सगळेच घाबरतात."

मग त्याने ठमीला खोळीतून बाहेर घेतलं. कात टाकल्यावर तिची नक्षी नव्या कापडासारखी झाली होती. ती त्याच्या हातांवरून सावकाश पुढे गेली. जिवंत साप ताठ धरून मोजता येत नाही. त्याने पाठीवरून वळणावळणाने दोरा ठेवला, मला दुसरं टोक धरायला सांगितलं. शेपटीच्या टोकाशी माझं बोट तिला लागलं. गार नव्हती, हातापेक्षा जराशी उबदारच होती. दोरा पट्टीवर धरला. सात फूट दोन इंच.

"मग ठेंगणी जात असते?" मी विचारलं. इतक्या दूर येऊन हा प्रश्न मी पहिल्यांदाच सरळ विचारत होते.

कॉलिनने भिंतीवरच्या नकाशावर इंडोनेशियातल्या सुलावेसीच्या दक्षिणेला बोट ठेवलं. तिथे निळ्यात काही ठिपके होते. "ही बेटं. लहान, खायला थोडं. इथले जाळीदार अजगर पिढ्यान्‌पिढ्या लहानच राहतात. लोकांना हे आताशा कळतंय, जुन्या पुस्तकांत सापडायचं नाही. या."

त्याने एक खण ओढला. आत ठमीसारखीच नक्षी, पण बारीक अंगाचा साप. "हा बेटावरचा. नऊ वर्षांचा. सात फुटांच्या पुढे गेला नाही. हा हिचा बाप."

मी त्या सापाकडे पाहत उभी राहिले. तीन कोश, चार ओळी, आणि हा इथे नऊ वर्षं खणात.

"आणि आई?"

इथे तो पहिल्यांदा अडखळला. "आई मी एका आयात करणाऱ्याकडून घेतली. तोही ड्वार्फ म्हणाला होता. मी त्याच्या शब्दावर यादीत ड्वार्फ लिहिलं. नंतर ती चौदा फूट झाली." तो खण लावू लागला. "सगळे असंच विकतात, डक. अर्धं रक्त, पाव रक्त, सगळ्याला ड्वार्फ. आणि कमी खायला घातलं की कुठलाही काही वर्षं ठेंगणा राहतो. तुमच्या भावाने मात्र चांगलं खायला घातलंय."

"मग ही किती वाढेल?"

"सांगता येत नाही. आठावर थांबेल, बारावर थांबेल. आणखी तीन वर्षांनी विचारा."

"हे शेखरला सांगितलं होतंत?"

"नाही," तो म्हणाला. "तो आला तेव्हा मला आईचं कळलं होतं. पण तो दुसरंच विचारत होता. प्रश्न लिहून आणले होते त्याने. बेटांची नावं काय, कुणी पाहिलंय, कुठे छापलंय. म्हणाला, माझी बहीण ग्रंथपाल आहे, तिला छापलेलं दाखवावं लागेल, तरच ती येईल. मी म्हटलं, माझ्याकडे छापलेलं काही नाही. तर म्हणाला, बघतो, सापडेल कुठेतरी."

मकरंद खिडकीकडे वळला. मी कॉलिनचे आभार मानले. ते का मानले, ते मला अजून कळलेलं नाही.

दुपारी गावातल्या मार्केटमध्ये थांबलो. मीराला संध्याकाळी पाचला सुट्टी होणार होती. एका स्टॉलवर शिजवून मऊ केलेले वाटाणे वाटीत देत होते, वर पुदिन्याचं आंबट पाणी. आपण उसळीला फोडणी देतो, हे लोक पुदिना घालतात. गरम होते आणि मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. वाटी संपवली. ठमीचा डबा माझ्या पायाशी होता, भोवती माझी शाल गुंडाळलेली.

"ताई," मकरंद वाटीत चमचा फिरवत म्हणाला, "मीराला बापाचं सांगा. ते खरंच आहे. आईचं तिने विचारलं तर बघू."

"ती विचारेल."

"नाही विचारणार. तिला ठमी हवीये."

मी तीस वर्षं ग्रंथालयात काढली आहेत. अर्धा संदर्भ देणं म्हणजे चुकीचा संदर्भ देणं, हे मी मुलांना दरवर्षी सांगते.

मीराचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. स्वच्छ, पुस्तकं कमी, रोपं पुष्कळ. तिने पलंग भिंतीला सरकवून जागा आधीच केली होती. केस आखूड, हातावर मांजरांचे ओरखडे. मला वाकून नमस्कार केला आणि लगेच म्हणाली, "सुधाताई, तू... सॉरी, तुम्ही चहा घेणार? मी आलं टाकते, मम्मीसारखा होत नाही पण." मग डब्यापाशी बसली, खोळ उघडली आणि ठमीला मांडीवर घेतलं.

"ओ, काय सुंदर आहे ती. बघ दादा, श्वास छान आहे, तोंड क्लीन. कोणीतरी खूप नीट बघितलाय हिला." तिने माझ्याकडे वर पाहिलं. "तर? ड्वार्फ आहे?"

"तिचा बाप पाहिला," मी म्हणाले. "बेटावरचा आहे. नऊ वर्षांचा, सात फूट."

"ब्रिलियंट!"

तिने आईचं विचारलं नाही. मी सांगितलं नाही. चहा आला. आलं जास्त झालं होतं. मी दोन कप घेतले. निघताना मीरा म्हणाली, "मी दर वर्षी मेजर करून तुम्हाला ईमेल करीन हां. शेखरदादाची आहे ना ती." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

परतीच्या वाटेवर हीटर बंद होता. मकरंद एकदाच बोलला. "बरं केलंत, ताई."

सांगली

परत आल्यावर मी त्या बेटांबद्दल छापलेलं शोधत राहिले. वर्षभराने मुंबईच्या एका ग्रंथालयातून एका परदेशी नियतकालिकातल्या लेखाची झेरॉक्स मिळाली. बेटं आहेत, तिथले अजगर लहान असतात, मोजमापांसकट दिलं आहे. आमच्या कोशांत तळटीप घालायला जागा नव्हती, म्हणून मी चिठ्ठी चिकटवली.

मीराची ईमेल दर मार्चला आली. पहिल्या वर्षी साडेआठ फूट. "मस्त खाते आहे." दुसऱ्या वर्षी दहा. "थोडी मोठी ड्वार्फ आहे, हा हा." तिसऱ्या वर्षी साडेअकरा. त्या ईमेलमध्ये लिहिलं होतं की पलंग आता तिने दिवाणखान्यात हलवला आहे, पेटी साफ करताना वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला बोलवावं लागतं, आणि तिला समजत नाही असं कसं झालं, कारण बाप तर सात फुटांचा, तुम्ही स्वतः पाहिला होता.

मी त्या संध्याकाळी उत्तर लिहायला बसले आणि तीन दिवसांनी पाठवलं. आईचं लिहिलं, चौदा फुटांचं लिहिलं, मला ते माहीत असताना मी तिच्या घरी चहा प्याले हे लिहिलं. सबब दिली नाही.

तिचं उत्तर इंग्रजीत आलं, सहा ओळींचं. ठमी ठीक आहे. प्राणीसंग्रहालयांना विचारलं, जागा नाही. जमेल तोवर ती सांभाळेल, पुढचं माहीत नाही. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या: "तुम्ही तेव्हा सांगितलं असतं तर कदाचित मी तरीही तिला घेतलं असतं. पण ते ठरवायला मला द्यायला हवं होतं."

त्याला सात महिने झाले. मी दोनदा लिहिलं.

ठेंगणे अजगर आहेत. शेखर ते बरोबर सांगत होता. ठमी त्यांच्यातली अर्धीच आहे, आणि ते त्याला कुणी सांगितलं नाही. ती नॉटिंगहॅमला मीराच्या झोपायच्या खोलीत आहे आणि अजून वाढते आहे. मीराचं पत्र आलेलं नाही.